रंग चढलेल्या चार नळ्या

१

एका घरात दोन माणसं तीस वर्षं भांडली, आणि भांडण होतं धुराचं. चुलीच्या नव्हे, गाडीच्या.

गाडी पिवळी, जुन्या घडणीची, उघड्या टपाची आणि जेमतेम दोन माणसांची. घरात तिला ‘पिवळी’च म्हणत. चालवायची आई, सांभाळायचे आप्पा. तरुणपणी आई शर्यतीत उतरायची आणि आप्पा शेजारी स्टॉपवॉच घेऊन बसायचे. तेव्हापासूनचा घरचा एक नियम होता. शेजारी बसणाऱ्याने रस्ता बघायचा, घड्याळ बघायचं, चालवणाऱ्याकडे बघायचं नाही. “माझ्याकडे बघितलंस की तुला भीती वाटते, आणि तुला वाटली की मला कळते,” असं आई म्हणायची. शर्यती सुटल्या तरी दुपारी तीनची फेरी सुटली नाही. टेकडीला वळसा घालून बावीस मिनिटांत परत. त्यात मिनिटाचा फरक पडला तर आप्पा दिवसभर कारण शोधत बसत.

त्यांच्या लेकीला त्या गाडीत जागाच नव्हती. ती फाटकात उभी राहून काळ्यापांढऱ्या चौकटींचा झेंडा हलवायची. म्हणून आईने तिचं नावच पाडलं झेंडी. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. फाटकातून निघताना आई दररोज सांगायची, “उद्या तुझा नंबर.” तो उद्या काही उगवला नाही. कधी पाऊस, कधी परीक्षा, कधी आप्पांना नव्या वळणाची वेळ मोजायची असायची. झेंडी मोठी झाली, भूगोल शिकवू लागली, दुसऱ्या गावी राहायला गेली. नऊ वर्षांपूर्वी एका सोमवारी आईचा फोन आला. “रविवारी ये. आप्पांना घरी बसवते. तुझा नंबर.” झेंडीने पेपर तपासायचे आहेत म्हणून पुढच्या रविवारचं कबूल केलं. आई त्याच गुरुवारी झोपेत गेली. पेपर तपासून झाले होते, ही गोष्ट झेंडीने आजवर कोणाला सांगितली नव्हती.

त्या दिवसापासून पिवळीवर खोळ चढली आणि आप्पांची शीळ बंद झाली.

२

यंदा झेंडीने पंधरा दिवसांची रजा काढली आणि येताच खोळ ओढून काढली.

“गाडी चालू करायची,” तिने जाहीर केलं. “मी चालवेन, तुम्ही घड्याळ घेऊन बसा.”

“तू चालवणार?” आप्पा म्हणाले. “तू भाजी आणायला गाडी नेतेस तेव्हा मागे सायकलवाल्यांची रांग लागते.” पण बोलता बोलता ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि पेटीतले नट आवळायचे पाने पुसायला घेतले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी न सांगता काही हातात घेतलं होतं. झेंडीला तेवढ्यानेच भरून आलं.

इंजिन धडधाकट निघालं. फक्त धूर गोळा करणारा मूळचा बिडाचा नग मधोमध तडकला होता. त्याच्या जागी नळ्यांचा संच बसवायचा, ज्याला गॅरेजवाले हेडर म्हणतात. इथेच तीस वर्षांचं ते भांडण पुन्हा उभं राहिलं. आप्पांचं म्हणणं, चार नळ्यांच्या आधी दोन कराव्यात, मग दोनाची एक. गाडी खालच्या वेगाला समजूतदार चालते, शेजारी शिव्या देत नाहीत. आईचं म्हणणं, चाराची थेट एक करा. खाली थोडी कुरकुरेल, पण वर गेली की गाऊ लागेल. “मला समजूतदार गाडी नको. समजूतदार नवरा आहे,” असं तिने एकदा वेल्डरबाईंसमोर सुनावलं होतं, आणि ते वेल्डरबाई अजून सगळीकडे सांगत फिरत.

वेल्डरबाई म्हणजे हेडर हाताने वाकवून, जोडून देणाऱ्या. बाह्यांना ठिणग्यांची भोकं, आवाज घणासारखा. आप्पांना ठरवता येईना म्हणून बाईंनी दोन्ही संच बनवून आणले आणि गॅरेजातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही कोरे, पांढरेशुभ्र, चकाकणारे.

“आठवडाभर ठेवा. एक बसवा, एक परत करा. पण आप्पा, एक लक्षात ठेवा. हे स्टील तापलं की रंग धरतं. आधी सोनेरी, मग जांभळं, मग निळं. रंग चढलेला माल मी परत घेत नाही. तुमच्यासाठीसुद्धा नाही.”

“चढणार कसा? इंजिनाला लावलेलाच नाही,” आप्पा म्हणाले.

“म्हणूनच सांगितलं,” वेल्डरबाई म्हणाल्या आणि दोन कप चहा पिऊन गेल्या.

आप्पांनी त्या दिवशी इंजिनाच्या चारही भोकांत चिंध्या कोंबल्या, धूळ जाऊ नये म्हणून. झेंडीने आतली गालिच्याची पट्टी झाडायला चालकाची सीट पार मागे सरकवली. आई बुटकी होती. तिची सीट नेहमी दोन खाचा पुढे असायची.

३

दुसऱ्या दिवशी जेवून दोघं आडवी झाली. साडेतीनच्या सुमाराला झेंडी चष्मा शोधत गॅरेजात गेली, आणि दारातच थबकली.

टक्. टक्... टक्.

गाड्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला हा आवाज शिकवावा लागत नाही. गाडी लांबून येते, बंद होते, आणि तापलेलं लोखंड निवताना असं कुरकुरतं. लहानपणी फेरी संपली की झेंडी बॉनेटला कान लावून तो ऐकत बसायची. तिने आपसूक बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गार होतं. असणारच, इंजिनाच्या भोकांत चिंध्या होत्या.

आवाज टेबलावरून येत होता. ती जवळ गेली तसा तो विरळ झाला आणि थांबला. आप्पांचा संच जसाच्या तसा पांढरा होता. आईच्या पसंतीच्या संचाला मात्र तोंडाशी चारही नळ्यांवर फिकट सोनेरी छटा आली होती.

झेंडीने आधी खिडकीकडे बघितलं. ऊन होतं, पण उन्हाने स्टील रंगलं असतं तर जगातले सगळे कठडे सोनेरी झाले असते. मग तिची नजर फळीवरच्या झाळकामाच्या गॅसबत्तीवर गेली, आणि तिला हसूच फुटलं. म्हातारा वस्ताद निघाला. बायकोपुढे हरायचं आहे, पण हरलो म्हणायचं नाही. नळी गुपचूप तापवायची, मग वेल्डरबाई परत घेणार नाहीत, मग नाइलाज म्हणून हीच बसवायची. तिने पॉलिशचा डबा काढला, अर्धा तास घासून रंग साफ उतरवला आणि बत्ती वरच्या खोलीतल्या कपाटात नेऊन ठेवली.

चहाच्या वेळी ती म्हणाली, “आप्पा, हरायचं असेल तर सरळ हरा.”

“कशाबद्दल बोलतेस?” आप्पांनी विचारलं. त्यांचा चेहरा इतका कोरा होता की तिला त्यांचं कौतुक वाटलं.

४

तिसऱ्या दिवशी तिने पुरता बंदोबस्त केला. जेवण होताच गॅरेजला कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली, आप्पांना आरामखुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर पेपरांचा गठ्ठा घेऊन बसली. आप्पा पाच मिनिटांत घोरू लागले. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले. घर शांत होतं. गॅरेज भिंतीपलीकडेच होतं, आणि तिथेही काही हललं नाही. एका पोराने नदीचा उगम समुद्रात दाखवला होता. ती त्यावर लाल रेघ मारत होती.

तीन वाजून बावीस मिनिटांनी भिंतीपलीकडून आवाज आला. टक्.

आप्पा समोरच होते. तोंड उघडं, हात पोटावर.

झेंडी उठली. कुलूप उघडताना किल्ली दोनदा निसटली. आत गरम लोखंडाचा आणि जळक्या तेलाचा वास भरला होता. तीनची फेरी आटोपल्यावर याच गॅरेजात यायचा तोच वास. टेबलावर आईचा संच सोनेरीच्या पुढे जाऊन तोंडाशी जांभळा झाला होता. तिने बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं. मग तिने पिवळीकडे बघितलं. भोकांतल्या चिंध्या जागच्या जागी होत्या. चाकं थंड होती.

चालकाची सीट दोन खाचा पुढे होती.

ती घाबरली. पण एकीकडे मन शिक्षिकेच्या सवयीने कारणं मोजत होतं. सीट मी मागे केलीच नसेल. वास जुना असेल. बोट आधीच भाजलेलं असेल. यातलं एकही कारण तिला स्वतःला पटलं नाही. आणि या सगळ्या भीतीच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, ज्याची तिला लाज वाटली. तिला राग आला होता. कोणीतरी फेरी मारून आलं होतं, आणि आजही तिला नेलं नव्हतं.

५

झेंडीने फोन केला आणि वेल्डरबाई तावातावाने आल्या. “माझ्याकडून नळी गेली तेव्हा पांढरी होती,” त्यांनी दारातूनच सुरुवात केली. “वापरून बघायची, आणि वर मलाच विचारायचं रंग कसा आला? अगं, चाळीस वर्षं मी हेच वाचत आलेय.”

त्यांनी संच उचलला, खिडकीशी नेला, चष्मा कपाळावरून खाली ओढला. नळीच्या तोंडात बोट फिरवून काजळी बघितली. त्यांचा आवाज हळूहळू खाली आला.

“चारही नळ्या सारख्या जळल्यात. इंजिन एकदम सुरात आहे. वीस-बावीस मिनिटं चाललंय, जास्त नाही. पण हाणलंय. हा जांभळा पट्टा बघ. वळण संपायच्या आधीच ॲक्सिलरेटरवर पाय देणाऱ्याच्या नळ्यांना असा येतो.” त्या थांबल्या. “असा पाय देणारं एकच माणूस मला माहीत होतं. कोणी चालवली?”

“नळी इंजिनाला बसवलेलीच नाही,” झेंडी म्हणाली.

वेल्डरबाईंनी इंजिनाकडे बघितलं. चार भोकं, चार चिंध्या. त्यांनी एक चिंधी ओढून काढली, हुंगली आणि परत कोंबली. मग त्या स्टुलावर बसल्या आणि पाणी मागितलं. झेंडीने दिलेला पेला त्यांनी एका दमात रिकामा केला. पण तोंडावर हसू होतं, आणि ते काही केल्या जाईना.

“आप्पा,” त्या म्हणाल्या, “दुसरा संच मी घेऊन जाते. हा बसवा. मी काही बघितलं नाही आणि मला काही सांगू नका.”

आप्पा दारात केव्हा येऊन उभे राहिले होते कोण जाणे. त्यांनी जांभळ्या नळीवरून तळहात फिरवला. झेंडीला वाटलं आता ते रडतील. ते हसले.

“तीस वर्षं टिकाव धरला,” ते म्हणाले. “हरलो.”

६

संच बसवायचं काम असं झालं की झेंडीला वाटावं, आपण नुसत्या उभ्या होतो. नवं हेडर कधी सरळ बसत नाही. कुठे नळी अडते, कुठे बोल्ट आखडतो, कुठे हाताची साल निघते. इथे आप्पांनी चार नळ्या इंजिनाला टेकवल्या आणि त्या बसल्या. नट बोटांनीच शेवटपर्यंत फिरले. आप्पा गाडीखाली पडून कामाला लागले आणि शीळ घालू लागले. सूर पूर्वीइतकाच बेसूर होता. झेंडी पाना हातात घेऊन तो ऐकत राहिली. ती मनापासून सुखी होती.

संध्याकाळी त्यांनी पिवळी चालू केली. पहिल्या किल्लीला ती खोकली, दुसऱ्या किल्लीला गाऊ लागली. शेजारचा न्हावी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट बाहेर आला. समोरच्या बाळाने टाळ्या वाजवल्या. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

“बरोबर होतं तिचं,” ते आवाजावर आवाज चढवून म्हणाले. “सांगायला हवं होतं.”

“उद्या तीन वाजता,” झेंडी ओरडून म्हणाली. “मी चालवते, तुम्ही घड्याळ.”

आप्पांनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं. “बघू,” ते म्हणाले. “उद्याचं उद्या.”

७

दुसऱ्या दिवशी तीनला दोन मिनिटं असताना झेंडी मोरीत हात धूत होती, आणि पिवळी चालू झाली.

ती ओल्या हातांनी धावत बाहेर गेली. पिवळी फाटकाबाहेर रस्त्यावर उभी होती, हळू आवाजात गात. शेजारच्या बाजूचं दार उघडं होतं. आप्पा फाटकात होते. त्यांच्या एका हातात माळ्यावरचा जुना झेंडा होता आणि दुसऱ्या हातात स्टॉपवॉच.

“तुम्ही बाहेर काढलीत?” झेंडीने विचारलं.

“या गुडघ्यांनी? मला त्या सीटमधून उठायला क्रेन लागेल.” त्यांनी स्टॉपवॉच तिच्या ओल्या हातात ठेवलं. “बस लवकर. तिला थांबून राहायला आवडत नाही.”

झेंडीने पिवळीकडे बघितलं. दुपारचं ऊन समोरच्या काचेवर पडलं होतं आणि काचेमागचं काही दिसत नव्हतं. आत पळून जावं, कुलूप लावावं, पेपर तपासत बसावं, असं तिला वाटलं. नऊ वर्षांपूर्वीही तिने पेपरांमागेच तोंड लपवलं होतं.

“आप्पा, मी परत येईन ना?”

“तुझ्या आईने कधी कोणाला उशिरा आणलंय?” आप्पा म्हणाले. “बावीस मिनिटं. आणि नियम माहीत आहे ना?”

“रस्ता आणि घड्याळ.”

“बास.”

ती बसली आणि दार लावून घेतलं. पलीकडचं दारही लागल्याचा आवाज आला. आप्पांनी झेंडा खाली आणला आणि झेंडीने बटण दाबलं.

पुढचं तिने जन्मभर कोणाला नीट सांगितलं नाही, कारण तिने नियम पाळला. तिने रस्ता बघितला. टेकडी अंगावर येताना बघितली, वळणं एकामागून एक उलगडताना बघितली. गिअर पडताना खटका ऐकू यायचा. वळण संपायच्या जरासं आधी पाठ सीटला चिकटायची आणि खालून चारही नळ्या एका सुरात वर चढायच्या. केस तोंडात जात होते. भीती तिला पहिल्या वळणापर्यंत वाटली. दुसऱ्या वळणावर ती हसायला लागली आणि मग तिला थांबता येईना. पन्नाशीची बाई, पोरीसारखी खिदळत होती. शेजारूनही कोणीतरी हसत होतं.

उतारानंतरच्या चौकात पावाचं दुकान आहे. त्याची दर्शनी काच भिंतभर मोठी. पिवळी तिथे वळते तेव्हा सबंध काचेत दिसते. झेंडीने चालवणाऱ्याकडे बघितलं नाही. तिने फक्त काच बघितली, आणि तीही क्षणभर. काचेत पिवळी गाडी होती. एका बाजूला केस पिंजारलेली, तोंड उघडं टाकलेली ती स्वतः होती. दुसऱ्या बाजूला, बरंच खाली, स्टिअरिंगच्या जरा वर एक डोकं होतं, आणि दारावर टेकवलेलं एक कोपर.

तिने झटकन मान घड्याळाकडे वळवली. सोळा मिनिटं, चाळीस सेकंद.

८

फाटक दिसू लागलं तसा वेग कमी झाला. वारा पडला, नळ्यांचा आवाज खाली आला, आणि त्या शांततेत झेंडीच्या कानाशी कोणीतरी तीन शब्द बोललं. आवाज ओळखीचा होता आणि आनंदात होता.

पिवळी थांबली. इंजिन बंद झालं. झेंडीने बटण दाबलं, श्वास घेतला आणि मगच मान वळवली. शेजारची सीट रिकामी होती. दोन खाचा पुढे. तिने तिच्यावर हात ठेवला. सीट उबदार होती. बॉनेटखाली टक् टक् सुरू झालं होतं.

आप्पा लंगडत आले आणि घड्याळ डोळ्यांजवळ धरून वाचू लागले. “एकवीस मिनिटं, अठ्ठावन्न सेकंद,” ते म्हणाले. “हेडरमुळे. माझ्या वेळी कधी जमलं नाही.” मग घड्याळाकडेच बघत त्यांनी विचारलं, “काही म्हणाली?”

झेंडीला खोटं बोलता आलं असतं. काही नाही म्हणाली, असं सांगितलं असतं तर आप्पा आत गेले असते, चहा प्यायले असते, आणि ते त्या फेरीवरून परत आलेच नाहीत तर, या धास्तीने उद्या दुपारी तिने किल्ली खिशात घालून गॅरेजला कुलूप लावलं असतं. तिने त्यांच्याकडे बघितलं. नऊ वर्षांत त्यांच्या तोंडावर असा उजेड तिने बघितला नव्हता. आणि नंबर चुकला की काय होतं, हे तिच्याइतकं त्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

“म्हणाली,” झेंडी म्हणाली. “उद्या आप्पांना पाठव म्हणाली.”

आप्पांनी मान हलवली, बाजारातून काय आणायचं ते कळल्यावर हलवावी तशी. “तिला माझं गुडघ्यांचं माहीत आहे ना?” ते म्हणाले. “दार जरा पूर्ण उघडून धर म्हणजे झालं.” मग ते शीळ घालत घरात गेले. थोड्या वेळाने आतून बुटांना ब्रश मारल्याचा आवाज येऊ लागला.

“बावीस मिनिटांत परत येणार आहात, आप्पा,” झेंडीने फाटकातून सांगितलं. “मी मोजणार आहे.”

ब्रशचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. झेंडीने कठड्याला टेकवलेला झेंडा उचलला, त्यावरची धूळ झटकली. घडी घालून माळ्यावर टाकायला ती निघाली होती. पण मग तिने तो तसाच फाटकाशी उभा करून ठेवला, उद्या तीनला हाताशी असावा म्हणून.